जावई पंप

आमच्या प्रकल्पावर जावई फक्त तपासणीच्या वेळी यायचा. आदल्या दिवशी, पाणीपुरवठा विभागाच्या टेम्पोतून, ताडपत्री पांघरून. त्याला उतरवून घ्यायला हातातली कामं टाकून माणसं धावायची. मग पानाकाका त्याला पुसून काढायचे, आमच्या बाकीच्या यंत्रांसारखा हिरवा रंग लावायचे आणि पंपघरातल्या रिकाम्या चौथऱ्यावर नेऊन बसवायचे. समिती यायची, त्याच्याकडे समाधानानं बघायची. दुसऱ्या दिवशी जावई परत टेम्पोत. काम चहा संपेपर्यंतचं आणि मानपान मात्र पूर्ण, म्हणून त्या उसन्या पंपाचं नाव जावई. नाव पानाकाकांनी ठेवलेलं. ते आमचे फिटर. लग्नाकार्यातसुद्धा खिशात पाना घेऊन जाणारे. स्वतःला दोन जावई असल्यामुळे असं नाव ठेवायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

ही पद्धत बाबांची. बाबा प्रकल्पप्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळेत. बाहेरचे याला बाप-लेकीचं दुकान म्हणत.

शहराचं सगळं मैलापाणी आमच्याकडे येतं. आधी जाळीत चिंध्या, पिशव्या, बाहुल्यांचे हातपाय अडकतात. मग पाणी एका मोठ्या उघड्या टाकीत जातं. तिच्या तळातून आम्ही हवा सोडतो, कारण त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात आणि ते घाण खातात. पुढच्या टाकीत हे जीव गाळ होऊन खाली बसतात आणि वरचं निवळ पाणी नदीला मिळतं. खाली बसलेला गाळ मात्र पहिल्या टाकीत परत न्यावा लागतो, नाहीतर उद्याची घाण खायला कुणी उरत नाही. बाबा त्याला विरजण म्हणत. आजच्यातलं थोडं उद्यासाठी राखायचं, एवढंच आपलं शास्त्र, असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत. हे विरजण परत नेणारा पंप बंद पडला की प्रकल्प म्हणजे नुसत्या भिंती. म्हणून असे पंप दोन हवेत, एक चालता, एक राखीव. आमचा राखीव पंप फार पूर्वी भंगारात गेला होता. त्याच्या चौथऱ्यावर चार बोल्ट तेवढे उभे होते.

त्याच्या जागी दुसरा का आला नाही, याचं उत्तर साधं आहे. सरकार प्रकल्प बांधायला पैसे देतं. बांधलेला चालवायचा कसा, हे नगरपालिकेनं बघायचं, आणि नगरपालिकेला आमची आठवण फक्त तुंबल्यावर येते. बांधकामाची फीत कापता येते; वंगणाची फीत कुणी कापत नाही. हे वाक्य माझं. बाबा असं काही बोलत नसत. ते म्हणत, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यामुळे दर तपासणीला प्रकल्प लख्ख दिसायचा आणि दर तपासणीचा शेरा तोच यायचा: स्थिती समाधानकारक, वाढीव निधीची आवश्यकता नाही. तो वाचून बाबा दिवसभर खूश असत. स्वल्पविरामापर्यंत वाचून.

एका सकाळी बाबा बुटांची नाडी बांधायला वाकले आणि तसेच गेले.

नवा प्रमुख येईपर्यंत कार्यभार माझ्याकडे आला. त्यांच्या खुर्चीत मी बसले नाही. टेबलाच्या अलीकडच्या, पाहुण्यांच्या खुर्चीत बसून सह्या करत होते. ड्रॉवरमधलं काही हवं असलं की टेबलाला वळसा घालावा लागे, आणि ड्रॉवर उघडला की त्यांच्या चष्म्याची डबी आधी हाताला लागे.

त्याच सुमारास सरकारची नवी योजना आली. पहिल्यांदाच बांधायला नव्हे, चालवायला आणि देखभालीला निधी मिळणार होता: वीज, क्लोरीन, पगार, सुटे भाग. समिती प्रत्येक प्रकल्प बघणार आणि कुणाला द्यायचा ते ठरवणार. नगरपालिकेनं आम्हाला आधीच बजावलं होतं. निधी मिळाला तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षापासून हवा बंद आणि बगलेचं दार उघडं. म्हणजे शहराचं पाणी आलं तसं नदीत. नदीच्या खालच्या अंगाला जे गाव आहे, ते तेच पाणी पितं.

शहर अभियंता, ज्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणतो, त्यांनी मला बोलावून घेतलं. नेहमीसारखी तयारी ठेवा, म्हणाले. चांगल्या विद्यार्थ्यालाच शिष्यवृत्ती मिळते. मी म्हणाले, ही शिष्यवृत्ती नाही, औषध आहे. ते आजाऱ्यालाच देतात. त्यावर ते जरा हसले आणि वडिलांच्या आठवणीकडे वळले. बाबांचा फोटो नगरपालिकेच्या सभागृहात लावायचं ठरत होतं. अशा वेळी प्रकल्पाबद्दल उलटसुलट काही कानावर जाऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. पाणीपुरवठ्याला निरोप गेला आहे, पंप वेळेवर येईल, असंही त्यांनी सांगितलं, जसं काही लग्नघरी केळवणाचं सांगतात तसं.

मी काही ठरवलेलं नव्हतं. ठरलं ते घरी, आणि आईमुळे, तिच्या मनात तसं काही नसताना.

आई बाबांचे शर्ट घड्या घालून पिशवीत भरत होती, कुणाला तरी द्यायला. निळ्या शर्टापाशी तिचा हात थांबला. हा डॉक्टरांचा शर्ट, म्हणाली. मला कळलं नाही. तेव्हा तिनं सांगितलं की दवाखान्यात जायचं असलं की बाबा दाढी करून, हाच इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. दवाखाना वरच्या मजल्यावर. जिना चढून त्यांना धाप लागायची. म्हणून ते आधी खालच्या औषधाच्या दुकानाबाहेर बाकावर बसून घ्यायचे, मग अर्ध्या जिन्यात भिंतीवरची जाहिरात वाचल्यासारखं करत पुन्हा थांबायचे, आणि श्वास जागेवर आला की ताठ मानेनं आत. डॉक्टर विचारायचे, चढताना त्रास होतो का? बाबा म्हणायचे, तसा काही नाही.

"मी तोंड उघडायला गेले की पायावर पाय द्यायचे," आई म्हणाली. "डॉक्टर म्हणायचे, तब्येत समाधानकारक."

तिनं शर्ट पिशवीत घातला, मग बाहेर काढून पुन्हा कपाटात ठेवला. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. परत आले तेव्हा जावई आणायचा नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना जाळीपाशी गोळा केलं आणि सांगितलं की रोज झाडतो तेवढंच झाडायचं. कठड्यांना चुना नको, कुंड्या नकोत. जिथं गळतं तिथली बादली उचलायची नाही. टाकीचं काम मात्र नेहमीसारखं, किंबहुना जास्त नीट. पानाकाका तिथं नव्हते. ते टेम्पो आणायला गेले होते.

फाटकाशी मी त्यांना गाठलं. ताडपत्रीखालून हिरवा रंग दिसत होता. या वेळी त्यांनी तो पाणीपुरवठ्याच्या आवारातच लावून घेतला होता, इथं येऊन घाई नको म्हणून. चार माणसांसमोर ते मला मॅडम म्हणतात आणि एरवी पोरी. तेव्हा टेम्पोचा ड्रायव्हर होता, तरी ते पोरी म्हणाले.

मी सांगितलं, हा परत न्यायचा.

त्यांना आधी वाटलं, पंपात काही खोट आहे. मग समजलं. त्यांचा चेहरा उतरला, आणि मग चढला. बाबांच्या पश्चात ही पहिलीच तपासणी, आणि मुलीनंच त्यांचं नाक कापायचं? जो माणूस तापात फणफणत असताना गळती बघायला आला, त्याच्या प्रकल्पाला भिकाऱ्यासारखं उभं करायचं? आणि समितीनं उद्या विचारलं, मागच्या वर्षीचा पंप कुठं गेला, तर काय सांगणार? हा प्रश्न माझ्याही पोटात होता. मी म्हणाले, खरं सांगणार.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले. "तुझ्याच बापाचं वाक्य आहे, पोरी."

"माहीत आहे, काका. पण झाकल्या मुठीत कुणाला काही ठेवता येत नाही."

त्यांनी खिशातला पाना काढून उगीचच ताडपत्रीची दोरी पिळून घट्ट केली. दारात आलेल्या जावयाला परत धाडायचं म्हणजे सात पिढ्या नावं ठेवतील, असं काहीसं पुटपुटले, आणि ड्रायव्हरला निदान चहा तरी पाजा म्हणून वॉचमनवर ओरडले. टेम्पो वळून गेला. त्या दिवशी ते माझ्याशी पुढे एक शब्द बोलले नाहीत. जेवणाचा डबा मात्र नेहमीसारखा प्रयोगशाळेतच येऊन उघडला, पाठ माझ्याकडे करून.

समिती सकाळीच आली. अध्यक्ष वयानं माझ्या आईएवढ्या बाई होत्या, साडीखाली धावायचे बूट घातलेल्या. बरोबर दोन सभासद आणि साहेब. साहेबांनी फाटकातून आत येताना उजवीकडे बघितलं, जिथं एरवी कुंड्यांची रांग असते, आणि मग माझ्याकडे.

मी त्यांना टाकीवर नेलं. लोखंडी जिना चढून वर गेलं की टाकी एकदम समोर येते: तपकिरी, खदखदणारी, चार घरांच्या अंगणांइतकी रुंद. सभासदांनी रुमाल नाकाशी नेले. मी टाकीतलं पाणी काचेच्या भांड्यात घेऊन अध्यक्षबाईंना दिलं आणि वास घ्या म्हणाले. त्यांनी घेतला. मग पुन्हा घेतला. नांगरलेल्या ओल्या मातीचा वास येतो त्याला. तो वास आहे तोवर आतले जीव धडधाकट आहेत; वास सडका झाला की संपलं. मी भांडं कठड्यावर ठेवलं. बोलता बोलता गाळ खाली बसत गेला आणि वर पाणी निवळत गेलं, आणि त्यांची नजर माझ्याकडून भांड्याकडे वळली. हे दाखवायला मला रंग लागला नव्हता.

मग पंपघर. चालता पंप चालत होता. म्हणजे कण्हत होता. दांड्याभोवतीचं गळती रोखणारं पॅकिंग गेलेलं, तिथून पिचकारी उडत होती आणि खाली बादली. पानाकाका बादलीशेजारी उभे होते, स्वच्छ दाढी करून.

अध्यक्षबाई रिकाम्या चौथऱ्यापाशी थांबल्या. मागच्या तपासणीला त्या साध्या सभासद म्हणून आल्या होत्या, ते मला तेव्हा आठवलं.

"इथं पंप होता," त्या म्हणाल्या. "मी याच जागी उभी होते."

साहेब चटकन म्हणाले, दुरुस्तीला गेलाय. मी गप्प बसले असते तर ते तिथंच मिटलं असतं. बाबांचा फोटोही सभागृहात गेला असता.

"दुरुस्तीला नाही," मी म्हणाले. "तो आमचा नव्हताच. तपासणीपुरता उसना आणायचो, दुसऱ्या दिवशी परत."

पंपाचा आवाज होता म्हणून बरं. मग अध्यक्षबाईंनी विचारलं, कुणी आणायचं. साहेब पुन्हा माझ्याआधी बोलले. ते सगळं आधीच्या प्रमुखांच्या काळातलं, आता ते हयात नाहीत, कार्यालयाला कल्पना नव्हती. गेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडायला फार जोर लागत नाही. तो मान हलवत नाही.

"आधीचे प्रमुख माझे वडील," मी म्हणाले. "आणायचे तेच. मी बघत होते आणि टेम्पो सुटायचा तो साहेबांच्या निरोपावरून. बाबांना वाटायचं, घर आवरलेलं दिसलं की घराला मान मिळतो. मान मिळाला. पंप मिळाला नाही."

साहेब भिंतीवरच्या विजेच्या पेटीकडे बघू लागले, जणू ती त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. अध्यक्षबाईंचा आवाज कोरडा होता. नियमाप्रमाणे चालता पंप बंद करून, परत चालू करून दाखवावा लागतो, तो दाखवा. दरवर्षी ही चाचणी जावयाच्या जिवावर व्हायची. तो सुरू करायचा, आमचा पंप बंद करायचा, समितीनं मान डोलावली की तिला चहाला न्यायचं, आणि मागे पानाकाकांनी आमच्या पंपाची मनधरणी करत बसायचं. एकदा तो संध्याकाळपर्यंत रुसला होता.

पानाकाकांनी माझ्याकडे पाहिलं. हात बटणाच्या दिशेनं गेला होता, पण बटणावर नव्हता.

"बंद करू नका, काका," मी म्हणाले.

अध्यक्षबाईंनी कारण विचारलं. मी सांगितलं की तो परत चालू होईल याची मला खात्री नाही. झाला नाही तर तुम्ही आत्ता जो वास घेतला तो थोड्याच दिवसांत संपेल, आणि तो पुन्हा यायला अख्खा ऋतू जाईल. तेवढे दिवस सगळं पाणी तसंच नदीत. हे मी तुम्हाला दाखवण्यासाठी करणार नाही.

"मग चाचणी झाली नाही असं मला लिहावं लागेल. त्याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत आहे. लिहा."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. पंपघरात खुर्ची नव्हती. त्या सरळ रिकाम्या चौथऱ्यावर, चार बोल्टांच्या मधोमध बसल्या आणि मांडीवर कागद घेऊन लिहू लागल्या. पिचकारीचे शिंतोडे त्यांच्या पदरावर उडत होते. पानाकाकांनी बादली जरा त्यांच्या बाजूला सरकवली. लिहून झाल्यावर त्या उठल्या, साडी झटकली, आणि जाताना मला काहीच म्हणाल्या नाहीत. पानाकाकांना मात्र म्हणाल्या, बादली भरली आहे.

पुढचे आठवडे कसे गेले ते पंपाला माहीत. पानाकाका बहुतेक वेळ त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसत. पॅकिंगच्या जागी त्यांनी काय काय गुंडाळलं, हे मी विचारलं नाही. साहेबांनी मला कारणे दाखवा अशी नोटीस पाठवली. मी कारणं दाखवली. रोज सकाळी मी आधी टाकीवर जाऊन वास घेत असे आणि मगच कार्यालयात. वास मातीचाच होता. मी पाहुण्यांच्या खुर्चीतून उठून केव्हा टेबलापलीकडे बसायला लागले, ते नीटसं आठवत नाही. नोटिशीचं उत्तर लिहिताना असावं. ड्रॉवर जवळ पडत होता.

निर्णय आला. जैविक प्रक्रिया उत्तम, यंत्रसामग्री धोक्याच्या स्थितीत, चालवण्याचा आणि देखभालीचा निधी मंजूर, राखीव पंप तातडीनं. चाचणी घेता आली नाही याची नोंद होती. आणि शेवटी आणखी एक वाक्य: पूर्वीच्या प्रकल्पप्रमुखांनी तपासण्यांत समितीची दिशाभूल केल्याचं निष्पन्न झालं आहे. साहेबांचा उल्लेख कुठं नव्हता. बाबांचा फोटो सभागृहात लागणार नाही, हे मला कुणी कळवलं नाही. ते आपोआप कळलं.

ते वाक्य मी आईला वाचून दाखवलं. लपवलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं. तिनं दोनदा वाचायला लावलं.

"त्यांना सहन झालं नसतं," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "फोटोचं बरंच झालं. त्या सभागृहात त्यांना ओळखणारं तरी कोण होतं."

मग ती भांडी लावायला उठली, आणि त्या दिवशी भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त झाला.

नवा पंप आला तो मोठ्या ट्रकमधून, कारखान्याच्या लाकडी खोक्यात. रंग निळा होता. पानाकाकांनी हिरवा लावू का म्हणून विचारलं नाही. त्यांनी चारही बोल्ट स्वतः आवळले, कुणाला हात लावू दिला नाही, आणि उठून कमरेवर हात ठेवत माझ्याकडे वळले. तपासणीनंतर ते पहिल्यांदाच हसत होते.

"हा आता परत जायचा नाही," ते म्हणाले. "घरजावई."

आईनं पंप बघायचं मनावर घेतलं होतं. इतक्या वर्षांत ती फाटकाच्या आत कधी आली नव्हती. बाबा म्हणायचे, बघण्यासारखं काय आहे तिथं. पंपघरात ती थोडा वेळ उभी राहिली. आम्ही तिला दोन्ही पंप आलटून पालटून चालवून दाखवले, जुना बंद केला आणि नवा चालू राहिला. तिनं मान हलवली, जसं परक्याच्या बाळाला बघून हलवतात. मग म्हणाली, ती टाकी दाखव, त्यांची.

आम्ही लोखंडी जिना चढू लागलो. मी पुढे, ती मागे. अर्ध्यावर तिचा आवाज आला.

"थांब गं. मला धाप लागली आहे."

मी थांबले. ती पायरीवरच बसली, सगळ्यांच्या देखत, आणि तोंड उघडं टाकून श्वास घेत राहिली. खाली पानाकाका वर बघत होते. तिनं त्यांना हातानं खूण केली की ठीक आहे, येते आहे, वेळ लागेल. मी तिच्या वरच्या पायरीवर येऊन बसले. वरून ओल्या मातीचा वास येत होता.